म्हातारीची गळती

साहेब, नदी तुम्ही बंद केलीत. धरण बांधणाऱ्यांनी नाही, तुम्ही. जुनी यंत्रं काढून नवी बसवणाऱ्यांनी. आणि बंद करायच्या आधी तशी मागणीही आमच्याच तोंडून वदवून घेतलीत, म्हणजे उद्या कुणी बोंब मारली तर दाखवायला बरं. ते तोंड कुणाचं, हे शोधायला माणूस पाठवू नका. सांगून टाकतो. भोंग्याचं.

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गाव वीजघराच्या भिंतीला अगदी चिकटून. यंत्रं फिरायला लागली की फळीवरची भांडी आपसात बोलायला लागतात आणि माणसांना ओरडावं लागतं. इथं नवराबायको लाडात आली तरी शेजारच्यांना वाटतं, भांडण पेटलं. अशा गावात ज्याला आवाजावरून नाव पडलं, त्याचा आवाज कसा असेल ते ओळखा. शिवाय ‘टर्बाइन’ हा शब्द न अडखळता म्हणणारा गावात तो एकटाच. मिजास एवढ्याचीच.

बाकीचं गाव त्या यंत्रांना म्हातारी म्हणायचं. होती दोन, पण दोघींना मिळून एकच नाव. कारण दोघींची खोड एक. बंद केल्या तरी पाणी धरवायचं नाही. झडपा झिजलेल्या. उन्हाळ्यात धरणातलं पाणी राखून ठेवतात, यंत्रं उभी असतात, आणि तरी वीजघराच्या मागच्या चरातून मांडीएवढी धार रात्रंदिवस बाहेर पडायची. त्या धारेवरून बायका जे विनोद करायच्या ते इथं लिहिता येण्यासारखे नाहीत.

ती धार चरातून पात्रात यायची, वाळूतून वळणं घेत जायची, आणि तिच्या दोन्ही अंगांना गावाचे वाफे. काकडी, कलिंगड, भोपळा. भोंग्याचा वाफा सगळ्यांत वरचा. वाळू उकरायची बायको, बी टोचायची बायको, वेल वळवायची बायको, आणि पहिलं कलिंगड फोडून “यंदा मी काय लावलंय बघा,” असं सांगायचा भोंगा. उन्हाळ्याचे महिने घर त्या वाफ्यावर चालायचं. बाकी वर्षभर भोंगा बोलायचा, बायको दुसऱ्यांच्या शेतात राबायची.

तर एका सकाळी वाफ्यावर पाहणीच्या बाई आल्या. नवी यंत्रं बसवण्याआधी त्याचा हवापाण्यावर, झाडामाशांवर, माणसांवर काय परिणाम होईल, ते तपासायचं त्यांचं काम. डोक्याला रुमाल, पायात चिखलाचे बूट, पोरगी कामसू दिसत होती. भोंग्यानं शर्टाची बटणं लावली आणि बायकोच्या हातातलं खुरपं काढून स्वतःच्या हातात घेतलं.

“काका, हे वाफे तुमचे?”

“माझेच. सगळं मी करतो.”

मागं बायको खोकली.

“पाणी कुठलं वापरता?”

“कुठलं म्हंजे? नदीचं. समोर दिसतंय की.”

“विहीर, पाइप, दुसरं काही?”

“बाई, नदी उशाला असताना विहीर कशाला खणायची?”

बाईंनी लिहून घेतलं. नदी. भोंगा खोटं बोलला नव्हता. सगळं गाव त्या धारेला नदीच म्हणत होतं. “नदीवर जाऊन येते,” म्हणायचं आणि त्याच पाण्यात कपडे आपटायचे. चरात असेपर्यंत ती म्हातारीची गळती, आणि वळण घेऊन वाळूत आली की नदी. पाणी तेच, वळणावर नाव बदलायचं. हे गावाला माहीत होतं, म्हणून कुणी कुणाला कधी सांगितलं नाही.

मग शाळेच्या मोठ्या खोलीत सभा झाली. समोर टेबलाशी मोठे साहेब, बाजूला पाहणीच्या बाई, मागं नव्या यंत्राचं रंगीत चित्र. साहेबांनी माइक हातात घेतला आणि माइक मेला. फुंकून झालं, थोपटून झालं, वायर हलवून झाली. मागून न्हावी ओरडला, “साहेब, तो ठेवा बाजूला. आमच्याकडं एक आहे, त्याला वीज लागत नाही.”

खोली हसली. भोंगा उठला. त्याला वाटलं, सन्मान आहे.

“सांगा,” साहेब म्हणाले, “जुन्या यंत्रांचा तुम्हा लोकांना त्रास काय काय आहे? मोकळेपणानं बोला.”

त्रास विचारला. उपयोग कुणी विचारला नाही, आणि आपणही किती शहाणे, कुणी सांगितला नाही.

भोंगा सुरू झाला. आवाजानं कान गेले. भिंतींना तडे गेले. तेलाचा तवंग येतो. जावई रात्री मुक्कामाला राहत नाहीत. न्हावी म्हणाला, “ते यंत्रामुळं नाही, तुझ्यामुळं!” पण भोंगा आता थांबणाऱ्यातला नव्हता. टाळ्या पडायला लागल्या होत्या, आणि टाळी पडली की त्याच्या जिभेचा लगाम सुटायचा.

“आणि गळती!” तो टेबलावर हात आपटून म्हणाला. “टर्बाइनची गळती! भर उन्हाळ्यात सरकारी पाणी चोवीस तास वाया जातंय आणि तुम्ही बघत बसलाय? लाज वाटली पाहिजे! पहिली गळती बंद करा, मग बाकीचं बोला!”

बायकोनं मागून शर्ट ओढला. त्याला वाटलं, कौतुकानं. तिनं पुन्हा ओढला, शिवण उसवली. त्याला वाटलं, फारच कौतुक आहे. तो अजून मोठ्यानं म्हणाला, “एक थेंब बाहेर पडता कामा नये!”

खोली टाळ्यांनी दणाणली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांचे वाफे होते ते सगळे होते.

घरी आल्यावर बायकोनं उसवलेला शर्ट काढून घेतला, सुई ओवली आणि शिवताशिवता विचारलं, “अहो, उन्हाळ्यात नदीला पाणी कुठून येतं?”

“धरणातून.”

“धरण बंद असतं.”

“मग म्हातारीच्या...” भोंगा म्हणाला, आणि तिथंच थांबला. गावात त्याचं वाक्य अर्धं राहिलेलं पहिल्यांदाच कुणी ऐकलं.

“काय?” बायको म्हणाली. “बोला की. मघाशी तर थेंबाथेंबाचा हिशेब मागत होता.”

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडं गेला. शिवलेला शर्ट घालून, आवाज घरी ठेवून.

“साहेब, ती गळती राहू द्या.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “काल म्हणालात, बंद करा. लाजही काढलीत आमची. आज म्हणताय, राहू द्या. अहो, नवं यंत्र आणायचं आणि ते गळकं आणायचं, असं मी वर कुणाला सांगू?”

“पण आमचे वाफे त्याच्यावर आहेत.”

साहेबांनी शेजारी बसलेल्या पाहणीच्या बाईंकडं बघितलं. बाईंनी कागद चाळले. “काका, वाफ्यांना नदीचं पाणी आहे, असं तुम्हीच सांगितलंत. आणि नदीच्या पाण्यावर या कामाचा परिणाम होत नाही, असं आम्ही लिहिलंय. मग काळजी कसली?”

“बाई, तीच नदी.”

“कुठली तीच?”

“गळती म्हंजेच नदी.”

साहेब हसले. “गळतीला नदी म्हणतात होय तुमच्याकडं? मग आमच्या घरच्या नळाला समुद्र म्हणायला हवं.”

बाई मात्र हसल्या नाहीत. “साहेब, एकदा पात्रावर जाऊन बघू या का?” त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, “बघू.” साहेबांच्या ‘बघू’ला डोळे नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

नवी यंत्रं आली. सुबक, चकचकीत. चालू असली तरी कळत नाही. भांडी गप्प झाली, आणि गावाची पंचाईत झाली. सवयीनं लोक ओरडूनच बोलत राहिले आणि आता सगळ्यांना सगळं स्पष्ट ऐकू यायला लागलं. कुणाची सासू काय म्हणाली, न्हाव्याची बायको न्हाव्याला काय म्हणते. न्हावी आठवडाभर खाली मान घालून दाढ्या करत होता. तेवढं सुख म्हणायचं.

मग उन्हाळा आला, यंत्रं थांबली, आणि चर कोरडा पडला. खरोखर एक थेंब बाहेर आला नाही. पात्रातली वाळू भाजून पांढरी झाली. बायकोनं तरी बी टोचलं, घागरींनी पाणी घातलं. दोन पानं आली आणि करपली. गावानं भोंग्याला भेटायचं सोडलं नाही, उलट रोज कुणीतरी मुद्दाम यायचं. “काय भोंगेसाहेब, वाया जाणारं पाणी वाचलं का?” टाळ्या आपणही वाजवल्या होत्या, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. भोंगा ऐकून घ्यायचा. त्याचा आवाज इतका खाली गेला की लोक त्याला “काय?” म्हणायला लागले.

आणि काल पाहणीच्या बाई पुन्हा आल्या. काम झाल्यानंतरची पाहणी. सोबत मोठे साहेब. गाव पात्रात जमलं. भोंगा सगळ्यांच्या मागं, बायकोच्या पाठीआड.

“आता आवाजाचा त्रास नाही ना?” साहेबांनी विचारलं. “आणि गळतीही थांबवली तुमच्या मागणीप्रमाणं.”

मग बायकोनं मागं हात घालून तोच शर्ट धरला आणि नवऱ्याला पुढं ओढलं. “मी सांगते तेवढंच बोलायचं,” ती म्हणाली. “स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही.”

ती हळू बोलत होती. भोंगा ते उचलून ओरडत होता, थेट वीजघराच्या भिंतीवर आपटेल असं.

“साहेब, गळती बंद करा म्हणालो, तो गाढवपणा माझा!”

“हे मी नाही सांगितलं,” बायको म्हणाली.

“हे माझं,” भोंगा म्हणाला.

“बरं, राहू दे. पुढचं म्हणा.”

“आम्ही चुकीच्या नावानं बोललो! पण तुम्ही ज्या नावानं लिहिलंत ते तरी बरोबर आहे ना? तुमच्या कागदात नदीवर परिणाम नाही! म्हंजे नदी असायला पाहिजे! आम्ही गळती मागत नाही! तुमच्याच कागदातली नदी मागतो! म्हातारीची जेवढी धार होती तेवढं पाणी रोज चरात सोडा!”

बाईंनी लिहायला घेतलं, आणि यावेळी विचारलं, “काकू, तुम्ही सांगा. धार केवढी होती?” बायकोनं दोन्ही हातांनी माप दाखवलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “बघू.”

भोंगा पुढं झाला. हे कुणी सांगितलं नव्हतं.

“बघू नाही, साहेब. आत्ता बघा. तुम्ही उभे आहात ती जागा कागदात नदी आहे. तुमचे बूट कोरडे का आहेत, तेवढं सांगा आणि मग जा.”

आज सकाळीही गाव त्या कोरड्या पात्रात बसून आहे. सांगा, साहेब. बूट कोरडे का?