माझा हरवलेला इंच

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली, मापं घेणारी.

आमचे मास्तर कापडापुढे वाघ, पण स्वतःच्या तब्येतीपुढे अगदी ससा. दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःची मापं घ्यायचे: मान, मनगट, पोटरी. सगळं मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपायचे. कुठे सूज आली, कुठे गाठ वाढली, कळायला नको? पोटरी पाव इंच जास्त भरली की दिवसभर मशीन बंद. मला हसू यायचं. पण मी त्यांच्या गळ्यातच असायची, त्यामुळे ती धडधडही मलाच कळायची. आजार खोटा असेल, धडधड खरी होती.

लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि तिचा कोट मास्तरच शिवणार होते. नेमकं त्याच आठवड्यात माझं पत्र्याचं टोक मशीनखाली सापडून चेमटलं. मालकिणीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, कात्री घेतली आणि माझा पहिला इंच कचकन उडवला. मास्तरांना सांगायचं मात्र साफ विसरली.

दुसऱ्या दिवशी मान पंधराची सोळा! मनगट सातचं आठ! मास्तर मटकन खाली बसले.

"अगं, मी आख्खा सुजलोय!"

"काल पोट फुटेस्तोवर जेवलात, दुसरं काय?"

"मनगटाने जेवतो का मी?"

माझा एक इंच गेलाय हे त्यांना दिसलं नाही. घाबरलेला माणूस आकडाच बघतो, टोक कशाला बघेल?

लेक माप द्यायला आली. "शिवतो गं," मास्तर रडवेले होऊन म्हणाले, "पण तू परत येशील तेव्हा मी असेन की नाही..."

लेकीने भरलेली बॅग पुन्हा उघडली. "मग मी जातच नाही, बाबा."

मला फार वाईट वाटलं. तरी मास्तरांनी सवयीने माप घेतलं, कोट कापला, आणि मग वहीतलं तिचं जुनं पान काढलं. खांदा एक इंच जास्त, बाही एक इंच जास्त!

"हिलाही लागण झाली!"

सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी दोघांना तपासलं. काही नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. "माझं मनगट मोजा. सहाचं आहे."

"सात!" मास्तर किंचाळले. "तुम्हीपण, डॉक्टरबाई?"

त्यांनी मला हातात घेतलं. "मास्तर, हिचा पहिला इंच कुठाय?"

मालकिणीने जीभ चावली. मग जे हसू फुटलं म्हणता! बाहेर खोकत बसलेले पेशंटसुद्धा हसत सुटले.

गंमत म्हणजे कोट झकास बसला. अंग मोजलं ते माझ्यानेच, कापड मोजलं तेही माझ्यानेच.

मास्तरांची भीती काही पळाली नाही. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "टोक दिसलं नाही म्हणजे डोळ्यांचंच काहीतरी असणार." त्यांनी पुन्हा स्वतःला मोजत बसू नये म्हणून लेक जाताना मला कोटाच्या खिशात घालून घेऊन आली.

ऑफिसातला पहिलाच दिवस. जेवणाच्या सुट्टीत तिला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. गुपचूप तिने मला मानेभोवती गुंडाळलं, आकडा बघितला आणि घाबरून घरी फोन लावला.

"बाबा, माझी मान साडेतेरा भरतेय!"

"अगं वेडाबाई, एक वजा कर. साडेबाराची मान आहे तुझी, मला पाठ आहे. काही झालेलं नाही तुला. जा, जेवून घे."

एवढ्या ठाम आवाजात मास्तरांना बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. लेक हसली, जेवायला गेली.

आता मी त्या खिशातच असते. तुम्हीही कधी घाबरलात तर खुशाल मोजा. फक्त आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी एकदा माझं टोक बघा, आणि घरी एक फोन करा.