तो आवाज माझा होता

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू स्वतःची गोष्ट सांगायला बसल्या की आधी एक लांब उसासा टाकतात, असा रिवाज आहे. मला उसासे जमत नाहीत. माझ्यावर जो अन्याय झाला तो मी सरळ सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारागिराच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या! एकीत लाकूड आणि दुसरीत तो. पूर्वी तो टेबल-खुर्च्या बनवायचा, म्हणून मीही तशीच दणकट निघाले. माझं अंग जाड लाकडाचं आहे, लांब मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे आहेत आणि टोकाला सहा खुंट्या आहेत. तारांच्या खाली दोन पिकअप बसवलेले आहेत. पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की त्यांना ते कळतं आणि वायरीतून ती थरथर ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे जाते. माझ्या दुसऱ्या पिकअपचे वेढे देताना कारागिराला सलग चार शिंका आल्या आणि त्याची मोजणी चुकली. किती वेढे झाले, कोण जाणे. तो म्हणाला, "असू दे," आणि त्याने अंदाजाने आणखी थोडे दिले. त्या चुकीमुळे माझ्या आवाजात एक खरखर आली. गोड खाताना मधेच मिठाचा कण लागावा, तशी ती आहे.

मला विकत घेतलं एका तरुण वादकाने. त्याच्या बँडमध्ये सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते. बँड काही फार मोठा नव्हता. गिटारवर दादा आणि गायला त्याची बहीण, जिला सगळे नुसतं धाकटी म्हणत. ड्रमवर एक गलेलठ्ठ गृहस्थ होता. त्याला सगळे ढोल्या म्हणत आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसे. लग्नाचे स्वागतसमारंभ, हॉटेलातल्या मेजवान्या, कचेऱ्यांतले निरोपसमारंभ, जिथून बोलावणं येईल तिथे आम्ही जायचो.

एकोणीस वर्षं मी दादाच्या खांद्यावर होते. दोन टेबलं दोरीने बांधून केलेल्या स्टेजवर मी वाजले. माझ्या अंगावर सरबत सांडलं, एकदा तर एका पाहुण्याचं आइसक्रीम माझ्या तारांत अडकलं. दादाच्या अंगठ्याने मानेमागचा रंग झिजला आणि आतलं लाकूड दिसायला लागलं. कार्यक्रमाच्या शेवटी दादा स्वतः बांधलेली एक संथ धून वाजवायचा. त्या धुनेत एक तार तो बोटाने ओढून धरायचा, सूर चढत जायचा आणि वर पोचता पोचता माझी खरखर ऐकू यायची. तेव्हा जेवणारी माणसंसुद्धा हातातली ताटली खाली ठेवायची. कौतुक दादाचं व्हायचं. ते योग्यच होतं, बोटं त्याची होती. पण घरी जाताना तो माझ्या पेटीवर थोपटून म्हणायचा, "आज चांगली बोललीस हं." तेवढ्याने मला पुरायचं.

मग दादाचा खांदा दुखायला लागला. मी जड आहे, हे मला मान्य आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला दटावलं, "हे ओझं कमी करा, नाहीतर हात वर जायचा नाही." त्याच सुमारास वाद्यांच्या दुकानदाराने त्याला एक नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार देऊ केली. अट अशी होती की दादाने बदल्यात मला दुकानात द्यायचं आणि नव्या गिटारबद्दलचं आपलं मत कॅमेऱ्यापुढे सांगायचं. दुकानदार म्हणाला, "कार्यक्रम करणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं हो."

नवी गिटार घरी आली. जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं.

"धाकटे, उचलून बघ. पिसासारखी आहे!"

"दुकानातली वाक्यं पाठ करून आलायस वाटतं," धाकटी म्हणाली.

"अगं, खरंच. मान बघ कशी, हात नुसता घसरतो. आणि किती शांत बसलीय! आपली जुनी वाजवत नसलो तरी सारखी गुणगुणते."

"दादा, तू गिटार बघतोयस की सून?" ढोल्याने विचारलं.

मी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकत होते. खरं ते खरं सांगायला हवं. ती हलकी होती, गुणगुणत नव्हती, तिच्या पडद्यांच्या कडा बोटांना लागत नव्हत्या. तिच्या पोटात एक यंत्र होतं, दिवे होते, एक बटण दाबलं की आवाज घुमायचा आणि दुसरं दाबलं की दुप्पट व्हायचा. दादा तिची बटणं दाबून बघत बसायचा. नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी गप्प राहिले. तिच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तिला कोणी विचारूनही आणलेलं नव्हतं.

राग मला पहिल्यांदा आला तो तिसऱ्या दिवशी. दुकानाचा कॅमेरावाला घरी आला. दादा भिंतीपुढे बसला आणि त्याने कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "मी ही गिटार कार्यक्रमांत वाजवून बघितलीय. ऐन वेळी कधीच दगा देत नाही." मित्रांनो, तोवर त्याने एकही कार्यक्रम तिच्यावर केलेला नव्हता! सराव तेवढा झाला होता, तोही त्याच खोलीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एकोणीस वर्षं जिने ऐन वेळ सांभाळली तिच्याबद्दल एक अवाक्षर नाही.

आता त्याची चूक ऐका. सराव झाला की वायर गिटारलाच खोचून ठेवायची, ही दादाची जुनी सवय. माझ्या बाबतीत त्याने काही बिघडत नसे, मला बॅटरी लागतच नाही. पण नव्या गिटारच्या पोटातलं यंत्र बॅटरीवर चालतं आणि वायर खोचलेली असेल तोवर ते जागंच राहतं. खोक्यातल्या कागदावर हे ठळक लिहिलेलं होतं. तो कागद खोक्यातच राहिला. गुरुवारी सराव झाला, वायर तशीच राहिली आणि शनिवारी दुपारी कार्यक्रम होता.

कार्यक्रम एका कचेरीत होता. तिथले हेडक्लार्क निवृत्त होत होते. त्यांच्या पत्नीने दादाची ती शेवटची धून मुद्दाम मागितली होती, कारण त्यांनी ती कधीतरी एका लग्नात ऐकली होती. मी गाडीतच पडून होते. संध्याकाळी परतताना मला दुकानात सोडायचं, असं ठरलेलं होतं. दुकानाचा कॅमेरावालाही आला होता. नवी गिटार प्रत्यक्ष कार्यक्रमात कशी दिसते ते त्याला टिपायचं होतं.

पहिली दोन गाणी झोकात झाली, असं मी नंतर ऐकलं. तिसऱ्या गाण्यात नवीचा आवाज बारीक झाला, मग फाटला आणि मग बंदच पडला. दादाने वायर हलवली, ॲम्प बघितला, सगळी बटणं फिरवून झाली. बॅटरीचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. लोक घड्याळाकडे बघायला लागले. धाकटीने प्रसंग ओळखला आणि ती साथीशिवाय गायला लागली. तेवढ्यात ढोल्या धापा टाकत तीन जिने उतरला, गाडीतून मला उचललं आणि धापा टाकत वर आला.

माझा पट्टा दादाने काढून नवीला स्क्रूने बसवला होता. म्हणजे मला गळ्यात अडकवायची सोय नव्हती. दादा कचेरीतल्या चाकाच्या खुर्चीवर बसला. खुर्ची घरंगळायला लागली, तेव्हा ढोल्याने ड्रमवरून एक पाय लांब करून चाकावर दाबून धरला. दहा दिवस मला कोणी हात लावलेला नव्हता. दादाने घाईघाईने खुंट्या पिळल्या आणि मी वाजले. खरं सांगते, तशी मी आयुष्यात वाजले नव्हते. शेवटच्या धुनेत तो सूर चढला, माझी खरखर आली आणि हेडक्लार्कांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्या पत्नी दादाला म्हणाल्या, "अहो, हेच ऐकायचं होतं मला."

मला वाटलं, आता दादा मला कुणाला देणार नाही. कसचं काय! वाटेत त्याने नवीसाठी बॅटरी घेतली आणि संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मला दुकानात ठेवून तो गेला. गरज सरो, वैद्य मरो. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं गेलं. चालायचंच, असं मी मनाला सांगितलं. जुन्यांना निरोप द्यावाच लागतो, आणि त्याचा खांदा खरंच दुखत होता.

पण आठवड्याने काय घडलं ते ऐका. माझ्या शेजारच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला आणि त्यावर दादाचा व्हिडिओ सुरू झाला. चित्र पहिल्या दोन गाण्यांचं, गळ्यात नवी गिटार. तोंडात ते "कधीच दगा देत नाही" आणि शेवटी ती संथ धून. आवाज माझा! माझा सूर, माझी खरखर, आणि चित्र तिचं! वडाची साल पिंपळाला लावतात, तशातली गत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला हात असते तर तो पडदा मी त्याच दिवशी खाली ओढला असता.

दादाला हे माहीत नव्हतं असं समजू नका. दुकानदाराने त्याला बोलावून व्हिडिओ दाखवला होता. धाकटीही बरोबर होती. धून संपली तशी ती हळूच म्हणाली, "दादा, हा आवाज नवीचा नाही. तू खुर्चीत बसून वाजवलंस तेव्हाचा आहे."

"लोकांना काय कळतंय?"

"तुला कळतंय ना?"

"तू जरा गप्प बसशील का?"

"कसा वाटला?" दुकानदाराने विचारलं.

"छान झालाय," दादा म्हणाला. माझ्याकडे त्याने मान वर करून बघितलंही नाही.

त्यानंतर दीड महिना तो व्हिडिओ सकाळी दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत चालू असायचा. गिऱ्हाईक आलं की पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "असा आवाज पाहिजे." दुकानदार नवं खोकं काढून द्यायचा. मी पडद्यापासून तीन हातांवर लटकत होते. इतक्या लोकांत एकाच्याही मनात मला विचारायचं आलं नाही.

मग एका सकाळी दादा नव्या तारा घ्यायला आला. दुकानात टपाल वाटणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर गणवेश होता, खांद्यावर भरलेली थैली. त्यांनी दादाला लगेच ओळखलं.

"अहो, व्हिडिओतले तुम्हीच ना? मी दोन वर्षं शेजारणीची गिटार मागून शिकतेय. तुमची ती धून ऐकली आणि ठरवलं, घ्यायची तर हीच." दुकानदार खोकं बांधतच होता. बाई त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तो शेवटचा सूर हिच्यातूनच निघतो ना? मला तेवढाच हवाय."

"सांगा की हो," दुकानदार हसत म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना."

दादा खोक्याजवळ आला. खोक्याकडे बघून झालं, मग त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तो आवाज या गिटारचा नाही. त्या दिवशी माझ्या चुकीने माझी नवी गिटार मधेच बंद पडली. मग मी माझी जुनी वाजवली, तो आवाज तिचा आहे." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

"अहो, काय बोलताय तुम्ही?" दुकानदार ओरडला.

"खरं बोलतोय. उशिरा बोलतोय, एवढंच."

"मग उद्या ती नवी गिटार इथे आणून ठेवा. आपलं ठरलं होतं ते असं नव्हतं!"

"आणतो," दादा म्हणाला.

बाई माझ्यापाशी आल्या. "जड आहे का हो ही?"

"फार. खांदा मोडेल. शिवाय गुणगुणते."

"मी रोज ही थैली घेऊन शंभर घरं फिरते. काढा तिला खाली."

दादानेच मला खिळ्यावरून उतरवलं. मग त्यांना म्हणाला, "तिसरी तार किंचित उतरलेली ठेवा, वाजवताना ती चढते." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला नको का ही?" दादा म्हणाला, "मला हवी असती तर मी तिला इथे सोडलं नसतं." हे बोलताना त्याचा अंगठा माझ्या मानेमागे, झिजलेल्या जागेवर होता. तो त्याने जरा वेळाने काढला.

आता मी बाईंच्या घरी असते. त्या अजून कच्च्या आहेत. तार ओढताना सूर अर्ध्या वाटेत सोडतात आणि शेजारी भिंतीवर ठोकतात. दादावरचा माझा राग गेला का, असं विचाराल तर निम्मा गेला. निम्मा राहू दे, तो माझ्या हक्काचा आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्याहून अवघड गोष्ट मागते. जिने काम केलं, तिचं नाव घ्या. माणसांनाही हेच लागू आहे. चित्र मैत्रिणीने काढलेलं असेल आणि वर्गातल्या बाई शाबासकी तुम्हाला देत असतील, तर तिथल्या तिथे उभं राहून तिचं नाव सांगा. दीड महिना लावू नका. आपलाच आवाज दुसऱ्याच्या नावावर दिवसभर ऐकत भिंतीवर लटकणं काय असतं, ते मला विचारा.