ड्वेनला थांबवणारी गोळी

ड्वेनने व्हर्लीनच्या घराचं दार फोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आमच्या दुकानात पिस्तुलाच्या गोळ्या घ्यायला आली. मिसुरीतल्या आमच्या गावात ती शाळेची बस चालवते. काडीमोड होऊन वर्ष झालं, तरी ड्वेनच्या लेखी ती अजून त्याचीच.

"कुठल्या देऊ गं?" मी काउंटरमागून विचारलं. उत्तर दिलं शेजारी उभ्या असलेल्या हॉलिसने.

"पोकळ टोकाच्या दे. अंगात शिरली की फुलते, आरपार जात नाही."

"जाड कोटातून गेली तर टोकात कापड भरतं, मग कसली फुलते!" त्याच्यासोबत आलेला मर्ल म्हणाला. "तिला शॉटगन दे. छर्रे उत्तम."

"पत्र्याच्या घरात छर्रे? पलीकडे लेकी झोपतात तिच्या! त्यापेक्षा मोठ्या गोळीची, पंचेचाळीसची बंदूक घे. एका गोळीत माणूस आडवा."

"तिच्या मनगटाला झेपणारे का ती?"

हरणाच्या शिकारीला निघाल्यासारखे रंगले होते दोघं. तिचा सुजलेला ओठ कुणी बघितलाही नाही. माझं डोकं तापलं. पण मी काही बोलायच्या आत व्हर्लीननेच काउंटरवर हात आपटला.

"आडवा कुणाला करायचाय, माहितीये ना? ड्वेनला! रविवारी त्याच्याच होडीतून मासे मारायला गेला होतात ना?"

"अगं, नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही कशाला पडू?" हॉलिस म्हणाला.

"नवरा नाहीये तो माझा! शेरीफचा पोलीस फोन केल्यावर तासाभराने उगवतो. आणि तुम्ही? 'तिच्या दारात जाऊ नकोस' एवढं त्याला सांगायला तुमची जीभ उचलत नाही! लेकींना काय सांगू मी, बाप कुठल्या गोळीने मेला ते?"

"बायकांशी बोलण्यात अर्थच नाही," म्हणत हॉलिस तरातरा निघून गेला. मर्ल मान खाली घालून उभा राहिला. व्हर्लीनने पोकळ टोकाच्या गोळ्यांची एक पेटी घेतलीच.

त्या संध्याकाळी ड्वेनचा पिकअप तिच्या दारात आला, तेव्हा पायरीवर मर्ल बसलेला होता.

"घरी जा, ड्वेन. पुन्हा इथे दिसलास तर कोर्टात साक्ष मी देईन."

ड्वेनने तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या आणि गाडी वळवली. कोर्टाचा मनाई हुकूम व्हर्लीनच्या हातात पडेपर्यंत मर्ल रोज तिथे जाऊन बसत होता. पेटी अजून फोडावी लागलेली नाही.

हॉलिसने मात्र मर्लशी बोलणं टाकलंय. ड्वेनसारख्या मित्राशी दगा केला म्हणे त्याने. दगा! आणि व्हर्लीनचा तो सुजलेला ओठ पाहिलेल्या माझ्या तोंडावर हे तो सांगतो.