ओरडीचा पंधरवडा

आत्या सूर्य काढत होती. लाल पेनाने एक गोल, भोवती सहा रेघा. मग निळ्या पेनाने दुसऱ्या पाकिटावर चंद्राची कोर. रविवारची दुपार असूनही तिने दवाखाना घरी आणला होता. जेवणाच्या टेबलावर औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे ढीग पाहून भाचा दारातच थबकला.

"हे हातानं का काढतेयस?"

"मग काय पायानं काढू? बस, चहा टाकते."

पण ती उठली नाही. तिची बोटं इतकी आखडली होती, की त्यांतून पेन काढायला दुसरा हात लागत होता. धर्मादाय दवाखान्यात ती तीस वर्षं औषधं देत आली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची.

"हे कॉम्प्युटरवर छापायचीस?"

"सहा वर्षं छापतेय. पंधरा दिवस झाले, बंद पडलंय. माझ्याच हातून काहीतरी झालं."

भाच्याने मनात दिवस मोजले.

छोट्या दवाखान्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर चालवणाऱ्या मंडळींत तो होता. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं, असा सगळा खुला कारभार. पहिल्या दोन गोष्टी जगाने अगदी मनापासून केल्या. एके काळी तीस जण राबत होते, आता सहा उरले होते, तेही आपापल्या नोकऱ्या सांभाळून. मॉड्यूल्स, म्हणजे एकेका कामाचे सुटे भाग, मात्र एक्केचाळीस. सगळीच पोसायला गेलो तर सगळीच उपाशी मरतील, तेव्हा काही सोडायची असं ठरलं. पण कुठली? कोण काय वापरतं, कुणाला ठाऊक!

मंडळाच्या प्रमुख बाईंना त्यांच्या शिस्तीमुळे सगळे हेडबाई म्हणत. त्यांनी तोडगा काढला. ज्याची शंका आहे ते मॉड्यूल पंधरा दिवस गुपचूप बंद ठेवायचं. कुणी ओरडलं तर लगेच चालू करायचं आणि सगळ्या दवाखान्यांच्या पडद्यावर जाहीर करायचं की आम्हीच बंद ठेवलं होतं, क्षमा असावी. कुणी नाही ओरडलं तर ते कायमचं गेलं.

"मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," हेडबाई म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते, भाचाही. पाकिटांवर चित्रं छापणारं मॉड्यूल त्यानेच बंद केलं होतं. आत्या त्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त पेशंटची नावं लिहिते, असा त्याचा समज होता. आज सहा वाजता मुदत संपत होती आणि तक्रारींचं पान कोरं होतं.

"आत्या, तुझं काही चुकलेलं नाही. मीच बंद केलंय ते."

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली.

"माझ्या हातून बरणी फुटली तरी लहानपणी 'मी फोडली' म्हणायचास. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस. चांगली चालू असलेली वस्तू शहाणा माणूस कशाला बंद करेल?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण या टेबलापाशी ते त्याचं त्यालाच पटेना.

"त्या दिवशी मी भलतंच बटण दाबलं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगून टाकलंय, पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघा. आज छापणं बिघडलं, उद्या गोळ्यांची अदलाबदल झाली म्हणजे? कुणाच्या जिवाशी खेळ नको बाबा."

"आत्या, अगं…"

"वय झालं की सोडावं माणसानं." तिने पुढचं पाकीट ओढलं.

भाच्याने गॅलरीत जाऊन हेडबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाईट वाटतं रे. पण दुसऱ्याच्या वतीनं ओरडायचं नाही, हा नियम कुणाचा?"

त्याचाच. मागच्या वर्षी जो तो आपलं लाडकं मॉड्यूल वाचवायला कुठल्या तरी मेहुण्याच्या साडूला पुढे करत होता, तेव्हा त्यानेच वैतागून केला होता.

"त्यांना स्वतः लिहू दे, त्यांच्या शब्दांत. एक तक्रार आली तरी चालू करते. शब्द देते."

बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. साडेपाच वाजले होते. भाच्याने तक्रारीचं पान उघडून फोन आत्यापुढे ठेवला.

"तक्रार? मी? उभ्या जन्मात कुणाची केली नाही."

"स्वतःसाठी नको लिहूस. बाकीच्या दवाखान्यांतही कुणी अशीच बोटं झिजवत बसलं असेल, त्यांच्यासाठी लिही."

हे तिला पटलं. फोन घेऊन ती खिडकीपाशी जाऊन बसली. "इकडे बघू नकोस, माझ्या चुका काढशील," असं बजावून एका बोटाने बराच वेळ लिहीत राहिली. दोनदा सगळं पुसलं. सहाला दहा कमी असताना तिने ते पाठवलं, आणि भाच्याला हायसं वाटलं.

मंडळाच्या सहाच्या बैठकीसाठी तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसला. पडद्यावर पाच थकलेले चेहरे. हेडबाईंनी स्वतःच वाचायला घेतलं.

"'सप्रेम नमस्कार. तुमची चित्रांची सोय फार उत्तम आहे. पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं आणि ती बंद पडली. दोष सर्वस्वी माझा आहे. तुम्ही मंडळी पदरमोड करून एवढं करता, माझ्यासाठी आणखी तसदी घेऊ नये. आम्ही हाताने काढतो, कुणाचं काही अडलेलं नाही. माझ्या चुकीमुळे इतर दवाखान्यांना त्रास झाला असल्यास त्यांची माफी मागते.'"

भाच्याने माइक चालू केला.

"ही ओरडच आहे हो. याहून मोठ्यानं तिला ओरडता येत नाही."

"कळतंय मला," हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत होतं. "तक्रार असती तर शब्द पाळला असता. पण त्या स्वतःच म्हणतायत, कुणाचं अडलेलं नाही. आणि चालू केलं तर सांभाळणार कोण? तू?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. आधीची सात मॉड्यूल्स त्याच्याच गळ्यात होती, त्यांतल्या तीन मॉड्यूल्सकडे त्याने चार महिन्यांत ढुंकून पाहिलं नव्हतं. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने तोंड मिटलं.

"किती सज्जन बाई आहेत," कुणीतरी म्हणालं. "वापरणारे असे हवेत."

हेडबाईंनी यादीतली चित्रांच्या मॉड्यूलची ओळ पुसली आणि पुढचं नाव घेतलं.

तो बाहेर आला तेव्हा आत्या पाकिटांच्या गठ्ठ्यांना रबर लावत होती.

"पोचलं का रे?"

"पोचलं."

"रागावले नाहीत ना?"

"नाही," भाचा म्हणाला. "कौतुक केलं तुझं."

आत्याचा चेहरा उजळला.

"बघ, उगाच घाबरत होते मी. खरं सांगितलं की माणसं समजून घेतात."