फांदी उचलणारा मंत्र

रविवारी सकाळी दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शे-दीडशे माणसं हात जोडून उभी होती. आदल्या दिवशीच्या वादळात पिंपळाची कमरेएवढी जाड फांदी मोडून शेवंताबाईंच्या जिन्याच्या दारात आडवी पडली होती. फांदी उचलायला आलेल्या ठेकेदाराचा मुकादम दोर गुंडाळणाऱ्या विंचचा दांडा ओढून ओढून घामाघूम झाला होता. झाडावर उंच बांधलेल्या कप्पीवरून आलेला दोर तारेसारखा ताणला होता, पण फांदी तसूभर हलत नव्हती.

"मशीन क्या करेगी?" खोडाला टेकून बसलेला बाबा गरजला. "पीपल देवता रूठे हैं! आरी चलवाने की अर्ज़ी किसने दी थी?"

सगळ्या माना शेवंताबाईंकडे वळल्या. लातूरच्या, मंत्रालयात कारकून, एकट्या राहणाऱ्या. ही फांदी आतून पोकळ झालीय, छाटा, असा अर्ज त्यांनी दोन महिन्यांपूर्वी दिला होता. तो कुणी वाचला असता तर फांदी पडलीच नसती. हे एकानेही म्हटलं नाही. मीही नाही.

"माझं काय चुकलं?" त्या पुटपुटल्या.

"घाला ना एक दंडवत, ताई. विषय संपवा यार," मागून कोणीतरी म्हणालं.

शेवंताबाई फांदीशेजारी चिखलात पालथ्या पडल्या. बाबाने "ह्रीं, फट्, उठ जा!" करत भगवी चादर पसरून खोडाला मिठी मारली. आणि फांदी खाडकन उसळली! हवेत झोकांडी खाऊन शेवंताबाईंच्या पाठीवरून वीतभर अंतराने गेली.

"जय हो!" लोकांनी मोबाइल काढले.

"अरे, आधी तिला बाहेर ओढा!" हेमलताताई ओरडत धावल्या. त्या आमच्या शेजारी. मुलींच्या आयटीआयमध्ये वजन उचलायची यंत्रं शिकवतात. त्यांनी शेवंताबाईंना ओढून काढलं आणि मुकादमाला म्हणाल्या, "नीचे उतारो."

"मैडम, देवता नाराज़..."

"उतारो!"

फांदी खाली टेकली. हेमलताताईंनी चादर खेचली. खोडाला एक रुंद पट्टा आवळलेला होता, त्याला खटका दाबताच सुटणारा हूक, आता मोकळा. फांदीच्या बुडाला चिखल फासलेली लोखंडी कडी. त्यांनी हूक कडीत अडकवला. "अब खींचो." दोर ताणला, फांदी जागची हलली नाही. मग दोर सैल करून त्यांनी हूक काढला.

"शेवंता, दांडा तू ओढ."

चिखलाने भरलेल्या हातांनी शेवंताबाईंनी दांडा ओढला. कट्, कट्. फांदी शांतपणे वर आली.

हेमलताताईंनी दरडावल्यावर मुकादमाने सगळं ओकलं. चादरीआड हूक बाबाने सोडला होता. तो बाबाचा भाचा. झाडाखाली बाबाला मंदिर थाटायचं होतं आणि तक्रार करणारी बाई आड येत होती.

"ये भी लीला है," म्हणत बाबा सटकला. किळस आली. त्याहून जास्त किळस आली जाता जाता त्याच्या पाया पडणाऱ्या दोघांची, आणि मघापासून जोडलेल्या माझ्या हातांची. दोर ताणलेला असताना हूक अचानक सोडला की फांदी उसळते, हे बाबाच्या भाच्याला ठाऊक होतं. तरी त्यांनी एका बाईला तिथे झोपवलं, आणि आम्ही बघत राहिलो.

ज्याला देव मानायचा त्याने मानावा. पण यंत्र अडलं तर आधी हूक पाहा, दोर पाहा. अपराधी बाई शोधू नका. मंत्राने वजन उचललं जात नाही. ते दोर, कप्पी आणि दांडा उचलतात. कसं उचलतात, हे विचारायला कुठल्याही बाबाची परवानगी लागत नाही.