नकाशावरचा गुंता

बाबा गेल्यावर मुलीने चालायला सुरुवात केली. रस्ते असे निवडायचे, की मोबाइलच्या नकाशावर उमटलेल्या रेघेतून एखादं चित्र तयार होईल. ते चित्र ओळखीपाळखीच्यांना पाठवायचं आणि स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रासाठी मदत मागायची. किटली झाली, मासा झाला. माशाच्या वेळी रस्ता खोदलेला निघाला, वळसा पडला आणि चित्राचं पोट फुगलं. मावशीचा फोन आला, "अगं, तुझ्या माशाला दिवस गेलेत का?" पण मदत तिनेही लगेच पाठवली.

आता हत्ती काढायचा होता. रविवारी सकाळी मुलगी बूट घालत असताना आई बाबांचा मोबाइल घेऊन आतून आली.

"हत्ती राहू दे. आज हे चालू या."

बाबांनी जन्मभर बस चालवली. शेवटी शेवटी त्यांना घरातल्या घरात मोरीचं दार सापडेना, पण बाहेर जायची ओढ काही सुटली नाही. म्हणून मुलीने त्यांच्या मोबाइलवरही चालण्याचं तेच अ‍ॅप टाकलं होतं. एका संध्याकाळी आईचा जरा डोळा लागला आणि ते निघून गेले. वाटेत मोबाइलची बॅटरी संपली, रेघ तुटली. सकाळी ते कालव्यात सापडले, मोबाइल काठावर पडलेला.

"आई, त्यात चित्रबित्र काही नाहीये. नुसता गुंता आहे. कोण मदत करणार त्याला?"

"नाही केली तर नाही. मला चालायचंय."

दोघी निघाल्या. बाबा मंडईतून सरळ गेले होते. बस डेपोपाशी वळतील असं मुलीला वाटलं होतं, पण रेघ तिथे रेंगाळलीसुद्धा नव्हती. पुढे एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाभोवती मात्र ती फिरत राहिली होती.

आई फुटपाथवरच थांबली.

"इथे आमचा बिस्किटांचा कारखाना होता. मी पॅकिंगला होते. तू लहान होतीस, तुला नाही आठवणार. माझी संध्याकाळची शिफ्ट सुटली की हे गेटवर यायचे."

समोर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती. मुलीने त्याला मोबाइलमधला बाबांचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"हे बाबा? आले होते की! चकरा मारत होते. मला विचारलं, बायकांची शिफ्ट सुटली का? मी म्हटलं, कधीच सुटली, सगळ्या गेल्या घरी. कारखाना बंद पडलाय, हे काय सांगायचं त्यांना? तर एकदम गडबडले. म्हणाले, 'मला उशीर झाला, ती एकटीच निघाली असेल.' आणि लगबगीने गेले. बरे आहेत ना आता?"

मुलीने तोंड उघडलं, पण आईने तिचा हात दाबला.

"हो. आता काही त्रास नाही त्यांना."

"चला, बरं झालं," तो म्हणाला आणि पुन्हा कानस चालवू लागला.

कोपऱ्यावर रेघ संपत होती. आई न थांबता पुढे चालत राहिली. कालव्याकाठची पायवाट घराकडे जायला जवळची होती. बाबांना गेटवर यायला उशीर झाला, की ती तिथूनच निघायची आणि मग घरी आल्यावर बोलणी खायची. अंधारात त्या वाटेने जायचं नाही, म्हणून कितीदा बजावलं होतं त्यांनी. सांगता सांगता ती काठावरच्या दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मुलगी शेजारी बसून राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, बाबा वाट चुकले.

घरी आल्यावर तिने चित्राऐवजी तीच रेघ सगळ्यांना पाठवली. मदत फारशी आली नाही. कुणीतरी विचारलं, "हे काय काढलंय?" मुलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी आईलाच विचारलं, "काय सांगू?"

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"सांग, मला न्यायला आले होते."