फोनला ओठ नसतात

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कापडाच्या गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग अडला की त्याच्या पोटात हात घालायचा आणि त्याला पुन्हा चालता करायचा. त्या खात्यात एवढा गोंगाट असे की तुळईवर बसणाऱ्या चिमण्यांनी चिवचिवणं कधीच सोडून दिलं होतं. त्या नुसत्या चोची उघडत, आणि एकमेकींना बरोबर कळत असे. चिमण्यांचं खरं मानू नका हवं तर, पण माणसांचं मानावंच लागेल. तिथली माणसं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलत. एका विणकराने मधले सगळे माग ओलांडून पलीकडच्या रांगेतल्या एकीला लग्नाचं विचारलं, तिने तिथूनच नकार दिला आणि मधल्या सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं. या सगळ्या भानगडीत कुणाच्या गळ्यातून हूं की चूं निघालं नव्हतं.

दाजी या विद्येत सगळ्यांचे गुरू. निवृत्त झाल्यावरही विद्या सुटली नाही. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर नवराबायको कशावरून भांडताहेत हे ते गॅलरीत बसून सांगत. बँकेत काचेआड साहेब शिपायाला काय म्हणाला, ते इकडे रांगेला कळे. शेवटी साहेबाने काचेला पडदा लावून घेतला.

"काय कान आहेत या माणसाचे!" लोक म्हणत. दाजी मिशीत हसत. कान कसले? कानांचा त्या खात्यात केव्हाच भुगा झाला होता. पण हे एकट्या दाजींना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते स्वतःलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. घरात त्यांचा एक नियम असे: मला काही सांगायचं तर समोर येऊन सांगा, पाठीमागून बोललेलं मला खपत नाही. ताईला वाटे, माणूस शिस्तीचा आहे.

अडचण एकच होती, फोन. फोनला ओठ नसतात. त्यासाठी दाजींनी तीन उत्तरं ठरवून ठेवली होती: "हं", "बरं बरं" आणि "राहू दे, आईशी बोल". ती आलटून पालटून वापरली की जगातलं कुठलंही संभाषण निभावतं, असं त्यांचं मत होतं.

आता "आईशी बोल" हे कुणाला, तर त्यांच्या एकुलत्या एक लेकीला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. दाजींनी शब्द टाकून तिला गिरणीच्या कचेरीत चिकटवलं होतं. ती तिथे कंटाळली आणि एक दिवस लांबच्या बंदरात क्रेन चालवायला निघून गेली. दाजींनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. राग ओसरल्यावर मात्र न्हाव्याच्या खुर्चीत बसून, अर्ध्या गालाला फेस लावलेला असताना, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "माझी लेक अख्खा ट्रक चिमटीत उचलते." न्हाव्याने दोनदा वस्तरा बाजूला ठेवून त्यांचं ऐकलं. पण जिला हे कळायला हवं, तिच्या कानी पडे ते फक्त "हं".

"अगं, त्यांना तुझा अभिमान आहे," ताई तिला सांगे.

"मग मला सांगायला त्यांची जीभ झिजते का?"

एकदा तिला सुट्टी मिळाली. बापाचा राग गेला की नाही ते बघावं म्हणून तिने फोनवर मुद्दाम त्यांनाच विचारलं, "बाबा, मी घरी येऊ का?" दाजी म्हणाले, "राहू दे." पुढचं "आईशी बोल" ऐकायला ती थांबलीच नाही.

त्यानंतर ती आली नाही. तिचे फोन दुपारी, दाजी झोपले असतील अशा बेताने येऊ लागले. ताईने एकदा दाजींना समोर उभं राहून विचारलं, "तुम्ही पोरीला येऊ नको म्हणालात?" दाजींना त्या क्षणी लख्ख कळलं की आपण काय करून बसलो. पण ते निस्तरायचं तर कानांची गोष्ट उघडी पडणार. "म्हणालो असेन," एवढंच पुटपुटले आणि स्टूल घेऊन चांगल्या चालत्या पंख्याची दुरुस्ती करायला चढले. पंखा त्या दिवसापासून बंद.

पुढे मोतीबिंदू आला. दोन्ही डोळ्यांवर साय धरली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर पट्टी बसली, दुसऱ्यात तर सगळं दूधच. ताई उशाशी बसली.

"दुखतंय का?"

"बरं बरं."

"पाणी देऊ?"

"हं."

ताईला शंका आली. "अहो, मी घर सोडून जाऊ का?"

"बरं बरं."

ताई किंचाळत माझ्याकडे आली. "अरे, डोळ्याच्या डॉक्टरणीने कानाची शीर कापली!" मी तिला धीर द्यायला म्हणालो की असतं असं, डोळा आणि कान एकाच गल्लीत राहतात, एका घराचं खोदकाम काढलं की शेजारच्या घराचा नळ फुटायचाच. माझ्या बोलण्याने तिचा धीर उरला होता तोही गेला.

सकाळी आम्ही तिघे डॉक्टरणीसमोर. तिच्यावर आजवर नाना आळ आले होते, कानाचा पहिलाच. तिने शांतपणे पट्टी काढली, डोळा पुसला. दाजींनी डोळ्यांची उघडझाप केली, आणि मग विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला घडाघडा उत्तर. "आले गं बाई कान परत!" ताईने हात जोडले. डॉक्टरीण मात्र दाजींच्या नजरेकडे बघत होती. ती नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, त्याच्या जरा खाली होती. तिने तोंडावर मास्क चढवला आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"बरं बरं."

मास्क खाली घेतला. "सकाळी काय खाल्लंत?"

"दोन पाव. आणि त्यांना लोणी नव्हतं," दाजी ताईकडे बघत म्हणाले.

"यांचे कान मी नाही घालवले," डॉक्टरीण म्हणाली. "ते कितीतरी वर्षं या डोळ्यांच्या जिवावर चालताहेत. कान तपासून घ्या."

कानाच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून बघितलं. मळ निघावा म्हणून ताईने सगळी पुण्याई पणाला लावली होती, कारण मळ धुता येतो. मळ नव्हता. मग बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या, मऊ भिंतींच्या खोलीत दाजींना बसवून कानांवर डबडी चढवली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दाजी भराभर दाबत होते, मग रेंगाळत, मग बोट नुसतंच बटणावर राहिलं. काचेआड बसलेला कानांचा तपासनीस अजून आवाज पाठवतच होता, हे मला दिसत होतं.

तपासनीस सावकाश बोलणारा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने कागदावरची रेघ दाखवली. थोडी सपाट, आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली.

"तुम्हाला आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. जाड आवाज येतात, बारीक गळतात. स, श, फ, ख असली अक्षरं म्हणजे बोलण्याच्या शिवणी. त्या उसवल्या की हातात नुसता बोळा येतो. आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज बसला की त्या मरतात, आणि पुन्हा उगवत नाहीत."

"मखमलीची लव गेली म्हणा ना," दाजी म्हणाले.

"तसंच."

"मग आम्ही ओरडून बोललो तर?" ताईने विचारलं.

"ओरडलं की जाड आवाज आणखी जाड होतो, बारीक आहे तिथेच राहतो. ओरडू नका. समोरून, सावकाश."

ताईचा चेहरा पडला. ती ओरडायची तयारी करून आली होती.

त्याने यंत्रांचा ट्रे पुढे सरकवला. दाजींनी त्यातलं वाटाण्याएवढं, कानाच्या आत बसणारं, झटक्यात उचललं. "हे. हे कुणाला दिसणार नाही."

"दिसणार नाही, आणि तुम्हाला यातून फारसं कळणारही नाही. तुमच्या घसरगुंडीला याची ताकद पुरी पडत नाही. बॅटरी तांदळाएवढी, तुमच्या बोटांना धरता येणार नाही. यंत्र मागून ठरवू. आधी हे सांगा, तुम्हाला काय ऐकायचंय?"

"मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती," ताई म्हणाली.

"गोष्टी," मी म्हणालो. "माझ्या."

"तुम्ही दोघं बाहेर बसता का?" तपासनीस म्हणाला. आम्ही गप्प बसलो, पण बाहेर गेलो नाही.

दाजी वाटाणा बोटांत फिरवत राहिले. "फोन," शेवटी म्हणाले. आणि मग सगळं बाहेर आलं, तीन उत्तरं, भिंगरीचा प्रश्न, पंखासुद्धा. "तिने विचारलं होतं हे मला ऐकूच आलं नाही. आणि कळलं तेव्हा सांगायची लाज वाटली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा रागीट बाप म्हणवून घेतलेलं बरं, असं वाटलं."

ताईने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंत, तर मी निम्मीच भांडले असते."

"मला कुठे ऐकू येत होतं?" दाजी म्हणाले.

तपासनिसाने कानामागे बसणारी जोडी निवडून दिली. शेंगेएवढी, राखाडी, कानात जाणारी बारीक नळी आणि दाजींच्या कानाच्या मापाचा साचा. फोनवरचं बोलणंही त्यातून नीट कळणार होतं. "दोन्ही कानांना घाला, म्हणजे आवाज कुठून आला ते कळेल. आधी घालून बघा, मगच कायमचं ठरवा. आणि लगेच हवेत उडू नका. मेंदूने हे दुकान कधीच बंद केलंय, फळ्या एकेक करून काढाव्या लागतील. थोडा वेळ, शांत घरात. आणि यंत्र लावलं म्हणून सगळं येईल असंही नाही."

घरी येऊन दाजींनी वर्तमानपत्र उघडलं आणि छपरावरून पत्रा कोसळल्यासारखे दचकले. फ्रीज रात्रंदिवस कण्हतो, आपल्या चपला बदकासारख्या ओरडतात, हे त्यांना नव्यानेच कळलं. ताई भाजी चिरताना गाते हेही कळलं, आणि ती बेसूर गाते हे तर ते न्हाव्यालाही सांगून आले. मग मात्र वैतागून त्यांनी यंत्र डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. ताई ओरडली नाही. तिने समोर जाऊन, सावकाश, एवढंच विचारलं, "भिंगरीला काय सांगू?" डबी कपाटातून बाहेर आली. तपासनिसाने पुन्हा आवाज कमीजास्त करून दिला, फ्रीजचं कण्हणं जरा दबलं.

एका दुपारी मी चहाला गेलो तर दाजी फोन मांडीवर घेऊन बसलेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता, एवढी ती घाबरली होती.

"बाबा? आईला काय झालं?"

"आईला काय धाड भरलीय? मला बोलायचंय." मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं. कान गेलेत. तुला येऊ नको म्हणालो नव्हतो. तू काय विचारलंस तेच ऐकलं नव्हतं.

पलीकडे काहीच नाही. दाजींचा हात कानामागे गेला. "बोल की. यंत्र बंद पडलं, का तूच गप्प आहेस?"

"गप्प आहे," भिंगरी म्हणाली.

"हां. ऐकू आलं."

मग ती जी सुटली! एवढी वर्षं साठवलेलं सगळं, ऋतूंसकट, तारखांसकट. ताई दारात उभी, मी कप हातात धरून. दाजींनी एकदाही मान वळवली नाही. एखादा अडलेला माग काय म्हणतोय ते हात लावून बघावं, तसा त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"झालं?" तिचा श्वास संपल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही. उरलंय ते समोर सांगेन."

"मग ये."

"मी नाही येणार. एकदा विचारलं ते बास. आता तुम्ही या. आणि माझी क्रेन बघा. लोकांना सांगता म्हणे चिमटीत उचलते. चिमटी नाही ती. मोठा आकडा आहे."

दाजी हसले. "येतो. कसं यायचं?"

ती वाट सांगू लागली. बंदराच्या कुठल्याशा फाटकाशी उतरायचं, साखळ्यांच्या गोदामाशेजारून सरळ, शिडीपाशी थांबायचं. तेवढ्यात तिकडे वारा सुटला की भोंगा झाला कोण जाणे, दाजींच्या कपाळावर आठी पडली. शिवणी उसवल्या असणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ "ब"साठी मिटलेसुद्धा. ताईने डोळे मिटून घेतले.

"गोदामापर्यंत आलं," दाजी म्हणाले. "पुढचं ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

भिंगरीने पुन्हा सांगितलं. दाजींनी आणखी एकदा विचारलं. तिने आणखी एकदा सांगितलं, फाटकापासून, एकेक शब्द सुटा करून. मला तर वाट पाठ झाली होती. पण मी मधे तोंड घातलं नाही, आणि हे आमच्या घराण्यात याआधी कधी घडल्याचं ताईलाही आठवत नाही.